सोनाबाईच्या मुठीतला पानाचा डबा

मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. चिंचेने घासून उन्हात ठेवलंत तर माझ्यात अजूनही तोंड दिसतं. झाकण थोडं करकरतं आणि एका बाजूला पोचा आहे, एवढंच काय ते माझं म्हातारपण. हा पोचा कसा पडला तेच मी आज तुम्हाला सांगणार आहे. तो पडला त्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा जन्मात कधी घाबरलो नव्हतो.

माझा जन्म महाडच्या बाजारपेठेत एका तांबटाच्या दुकानात झाला. तो तांबट फार तिरसट होता. गिऱ्हाइकाशी धड बोलायचा नाही, पण पितळेशी बोलायचा. माझ्या पोटात त्याने उचलता येणारं एक तबक बसवलं. त्या तबकात सुपारी, कात, लवंग आणि तंबाखू यांचे कप्पे केले आणि मधोमध चुन्यासाठी टोपणाची एक डबी ठेवली. तबकाखाली पानांची जागा. झाकणावर धरायला एक जाड कडी. ही कडी नीट लक्षात ठेवा. तिच्यामुळेच पुढे एक जीव वाचला.

सोनाबाईच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात रुखवतावर मांडण्यासाठी मला विकत घेतलं. तिच्याबरोबर मी पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीत आलो. घरात रामजी, म्हणजे सोनाबाईचा नवरा, आणि बाहेर भाताची खाचरं. मला पडवीतल्या फळीवर जागा मिळाली. ती जागा घरातली सगळ्यात मानाची होती. निदान मी तरी तसं मानत आलो.

आमच्या वाडीत एक रीत आहे. पानाचा डबा उघडला की तो आधी समोरच्यापुढे करायचा आणि मग स्वतः घ्यायचं. समोर पाहुणा असो, शेजारीण असो की लाकडं फोडायला आलेला गडी असो, त्यात फरक करायचा नाही. उघडलेला डबा कुणाला न विचारता मिटणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. सोनाबाई तर या बाबतीत भलतीच पक्की होती. दोघा भावांचं बांधावरून वाजलं तर ती त्यांना पडवीत बसवायची आणि मला मधे ठेवायची. रुसलेल्याने माझ्यातलं पान उचललं की वाडी समजायची, मिटलं एकदाचं. अशी कितीतरी भांडणं मी पोटात घातली आहेत. तेव्हा लोक म्हणायचे, "सोनाबायचा डबा कंदी रिकामा नसतो." ते ऐकून मी फुगून बसायचो.

पुढे दिवस पालटले. सोनाबाईचा मुलगा भरत मुंबईला कामाला गेला. वाडीतल्या पोरांच्या खिशात पुड्या आल्या. पान लावत बसायला कुणाला वेळ राहिला नाही. मग रामजीला खोकला लागला आणि तंबाखू सुटला, सोनाबाईचे दात गेले आणि सुपारी सुटली. मी फळीवरच राहिलो, पण पोट रिकामं. तळाशी वाळलेल्या पानाचा एक तुकडा आणि चुन्याच्या डबीत दगड झालेला चुना. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं तेव्हा मला रडू आलं होतं. पितळेला रडता येत नाही म्हणून तुम्हाला ते दिसलं नसतं.

मग सोनाबाईच्या गळ्याला गाठ आली. आधी ती लिंबाएवढी होती. वाढत वाढत एवढी झाली की तिला घास उतरेना आणि आडवं पडलं की श्वास अडकायला लागला. भरतने सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढलं आणि आईला पनवेलच्या पलीकडे एका मोठ्या रुग्णालयात नेलं. ऑपरेशन झालं. एक पैसा भरावा लागला नाही. ती घरी परतली तो मार्च महिना होता. चवदार तळ्याच्या गर्दीमुळे गाडी महाडात बराच वेळ थांबली होती, ते रामजी वाडीत सगळ्यांना सांगत होता. त्याहून जास्त वेळा तो त्या कार्डाबद्दल सांगत होता. कार्ड त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या तसबिरीमागे ठेवलं.

त्याच दिवशी माझं नशीब पुन्हा उघडलं. भरतची बायको राजश्री गावी सासू-सासऱ्यांजवळ राहते. सासूला ती आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. तिने मला फळीवरून काढलं, चिंच लावून घासलं आणि म्हणाली, "आत्या, गोळ्या ह्यात ठेवू. कप्पे आहेत, घोटाळा होणार नाही." सुपारीच्या जागी घशाची पांढरी बारीक गोळी आली. काताच्या जागी कॅल्शियमची जाडजूड गोळी आणि लवंगेच्या जागी व्हिटॅमिनची मऊ, पिवळी, मण्याएवढी गोळी. मला थोडं अपमानकारक वाटलं हे खरं. पण रिकाम्या पोटापेक्षा ते बरं होतं.

आता नीट ऐका, मित्रांनो. गळ्यातली गाठ काढताना तिच्या मागे चिकटलेल्या चार बारीक ग्रंथींनाही इजा झाली होती. रक्तातलं कॅल्शियम या ग्रंथी सांभाळतात. त्या थंडावल्या की ते काम गोळ्यांना करावं लागतं, आणि ती मण्याएवढी व्हिटॅमिनची गोळी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणजे सोनाबाईच्या बाबतीत त्या दोन गोळ्या म्हणजे श्वासच होता. मला हे सगळं फार उशिरा कळलं, महाडला. पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे जे झालं ते बघताना तुम्हालाही माझ्यासारखी धास्ती वाटेल.

डॉक्टरांनी हे भरतला समजावलं होतं, पण घाईघाईत. भरतने घरी येऊन सांगितलं, "आये, ही घशाची गोळी. आनि ह्या कॅल्शियम, व्हिटॅमिनच्या. समद्या रोज घ्यायच्या, टेन्शन नाय." घशाची गोळी पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात मिळायची. बाकीच्या दोन मात्र योजनेत बसत नव्हत्या. रुग्णालयातून निघताना खिडकीवरच्या माणसाने तसं साफ सांगितलं होतं. ऑपरेशन बसतं, भरती असेपर्यंतचं औषध बसतं, घरी गेल्यावर घ्यायची व्हिटॅमिनं बसत नाहीत, ती बाहेरून घ्या.

रामजीने त्यातून आपला अर्थ काढला. पडवीत बसून तो शेजाऱ्यांना सांगायचा, "एवढं मोटं आपरेशन सरकारनं फुकट केलं. गोळी गरजंची असती तर ती नसती का दिली? ही नुसती ताकदीची हाय." त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. सोनाबाईलाही पटलं. जे कार्डावर मिळतं ते औषध आणि जे मिळत नाही ते ताकदीचं, अशी वाटणी आमच्या घरात होऊन गेली. मी काताचा आणि लवंगेचा कप्पा पोटात घेऊन गप्प बसलो होतो. बसणार नाही तर काय करणार?

भरत मुंबईहून त्या गोळ्या पाठवायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आषाढात लावणी सुरू झाली. चिखलात वाकून वाकून बायकांच्या कंबरा मोडल्या. शेजारची मैना संध्याकाळी पडवीत येऊन बसली आणि कंबरेवर हात दाबून कण्हायला लागली. नेमकी त्याच वेळी सोनाबाई आपली गोळी घेण्यासाठी मला उघडत होती. उघडलेला डबा, समोर माणूस. तिचा हात सवयीने पुढे झाला.

"घे गो मैना, ताकदीची गोळी हाय. कंबर मोकळी हुईल."

"तुला कमी पडंल ना, काकी."

"पडू दे. एकटीनं खायाचा डबा नाय हा."

मैनाने घेतली. दुसऱ्या दिवशी तिला बरं वाटलं, की तिला तसं वाटलं, देव जाणे. मग आणखी एकजण आली. मग म्हातारी चंद्रभागा गुडघे धरत आली. जी येईल तिच्यापुढे सोनाबाई मला करायची. पडवी पुन्हा भरली. हसणं, कुचाळक्या, लावणीची गाणी, सगळं परत आलं. खरं सांगतो, मलाही बरं वाटलं. किती वर्षांनी माझ्याकडे हात येत होते.

श्रावण लागला आणि काताचा कप्पा वाजायला लागला. भरलेला डबा वाजत नाही, मित्रांनो. दोन-चार गोळ्या उरल्या की तो वाजतो. मग तोही आवाज थांबला आणि कप्प्यात नुसती रिकामी पाकिटं उरली. लवंगेचा कप्पा तर आधीच रिकामा झाला होता. भरत गणपतीला येणार होता आणि तेव्हा नव्या गोळ्या आणणार होता. राजश्रीने विचारलं, "आत्या, गोळ्या आहेत ना गणपतीपर्यंत?" सोनाबाई म्हणाली, "हाईत गो." खोटं बोलली. लेकाने पाठवलेल्या गोळ्या गावात वाटल्या हे सुनेला कसं सांगायचं, आणि लेकाकडे पुन्हा कुठल्या तोंडाने मागायच्या, याचीच तिला लाज वाटत होती. राजश्री शेतातून आणि गोठ्यातून मोकळी होत नव्हती. तिने मला उघडून पाहिलं नाही.

मग चंद्रभागेने तोडगा काढला. "कॅल्शियम म्हंजे चुनाच ना गो? गव्हाच्या दाण्यायवढा चुना दह्यातनं घे. माज्या नातवाच्या फोनात आलंय." सोनाबाईचा चेहरा खुलला. चुना तर माझ्या पोटातच होता. तिने दगड झालेला चुना काढून नवा भिजवला, डबी भरली आणि रोज सकाळी दह्यात कालवून घ्यायला लागली. उरलासुरला मैनालाही बोटभर दिला.

चुना आयुष्यभर माझ्या शेजारी राहिला आहे. त्याला मी ओळखतो. त्याने जिभा भाजलेल्या मी खूप पाहिल्या आहेत, पण त्याने कुणाला बरं केल्याचं काही पाहिलं नाही. आणि ज्याला अंगात घ्यायला ती मण्याएवढी गोळी लागते, तो त्या गोळीवाचून काय कामाचा? हे तेव्हा ठाऊक असतं तर मी ओरडून सांगितलं असतं. पण मला वाचा नाही. माझं झाकण तेवढं करकरतं.

पहिल्यांदा सोनाबाईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. तिला वाटलं, चुना जास्त झाला. मग बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मैना म्हणाली, महाडजवळच्या सव गावात गरम पाण्याच्या कुंडात हात-पाय शेकून ये. सोनाबाई रामजीबरोबर सवला जाऊन आली. गरम पाण्याने दोन दिवस बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्यानेच घात केला. तिने राजश्रीला सांगितलं, "वातच हुता. ग्येला." मी फळीवरून तिची बोटं पाहत होतो. भांडं धरताना ती आखडत होती.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस धरून होता. राजश्री आतल्या खोलीत गणपतीच्या मखराची चौकट बांधत होती. सोनाबाईने चुन्यासाठी मला फळीवरून काढलं आणि मांडीवर घेतलं. तिचा उजवा हात माझ्या कडीत होता. झाकण उघडायला तिने कडी ओढली आणि तिचा हात तसाच थांबला.

मित्रांनो, तुम्ही कुणाला विड्याला लवंग टोचताना पाहिलं आहे का? पाची बोटं टोकाशी जुळतात आणि अंगठा आत वळतो. तिची बोटं तशी जुळली, आणि जुळली ती सुटेनात. माझी कडी त्या बोटांच्या आत होती. मला तिची बोटं लाकडासारखी कडक लागली.

"अवो," तिने हाक मारली. आवाज नीट फुटला नाही. "अवो, हात बगा माजा."

रामजी धावत आला. त्याने बोटं उघडायचा प्रयत्न केला. ती उघडली नाहीत. दुसरा हातही तसाच वळला. "काय झालं गो तुला? काय झालं?" तो नुसता हेच विचारत राहिला. हाका ऐकून मैना आली, चंद्रभागा आली. चंद्रभागेने पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. "वारं ग्येलं हिच्या अंगावरनं. भगताला बोलवा. त्याल लावा." तेवढ्यात सोनाबाईच्या घशातून एक आवाज आला. श्वास आत घेताना कोंबडं आरवतं तसा. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती.

राजश्री बाहेर आली. तिने सासूचे वळलेले हात पाहिले. मग ती ओरडली, "मामा, भगत नको. सोमाला बोलवा, गाडी काढायला सांगा. महाडला जायचं."

सोमा आमच्या वाडीतला. त्याची सहा आसनी रिक्षा आहे. निघताना रामजीने तसबिरीमागून कार्डाची पिशवी काढून छातीशी धरली. औषधं घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. सुचणार कसं? घशाची एक गोळी सोडली तर घरात औषध आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. मी मात्र निघालो. मला कुणी घेतलं नाही, मित्रांनो. मी त्या मुठीत अडकलो होतो. मैनाने मला काढायचा प्रयत्न केला तर सोनाबाई कळवळली. राजश्री म्हणाली, "राहू दे तो डबा. चला."

वाडीचा रस्ता उतरून महामार्गाला लागलो आणि सोमाने ब्रेक दाबला. पुढे गाड्याच गाड्या. कशेडीत दरड आली होती आणि ट्रकांची रांग खालपर्यंत उभी होती. मुंबईकडे जाणाऱ्या बाजूलाही वळून परतणाऱ्या गाड्यांची कोंबाकोंब झाली होती. सोमा खाली उतरला आणि पावसात उभा राहून ट्रकवाल्यांना हात जोडायला लागला. "म्हातारी हाय रं आत, सोड ना वाईच, मागं घे." एक ट्रक हातभर मागे सरला. रिक्षा त्या फटीतून निघाली, पुन्हा अडकली, पुन्हा निघाली.

आत सोनाबाईचा श्वास आरवत होता. कधी तो आवाज थांबायचा, आणि तो थांबला की सगळ्यात जास्त भीती वाटायची. राजश्रीने तिला छातीशी टेकवून धरलं होतं. "आत्या, हळू घ्या. हळू. मी आहे." रामजी कार्डाची पिशवी धरून तोंडाने देवाचं नाव घेत होता. पोलादपूर मागे पडलं. "इथं थांबू का?" सोमाने विचारलं. रामजी म्हणाला, "नको. महाडला कार्ड चालतं त्या दवाखान्यात चल." मला वाटलं, अरे, कसलं कार्ड घेऊन बसलास! पण त्या बिचाऱ्याला दुसरा आधार तरी कुठला होता?

एका खड्ड्यात रिक्षा आपटली. सोनाबाईचा हात उडून पुढच्या लोखंडी दांड्यावर आदळला. हाताच्या आणि दांड्याच्या मधे मी होतो. तो हा पोचा. तिची बोटं मोडली असती, त्याऐवजी मी चेपलो. एवढ्या गोंधळात मला त्याचा अभिमान वाटला, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही.

महाडच्या त्या रुग्णालयात तिला खाटेवर घेतलं. डॉक्टर एक तरुण बाई होती, नाव प्रियदर्शिनी. तिने हात पाहिले, घशावर बोट टेकवलं. ऑपरेशनची खूण तिला दिसली असावी, कारण ती चटकन वळून म्हणाली, "ह्यांचं थायरॉइडचं ऑपरेशन झालंय? कोणकोणती औषधं चालू आहेत?"

रामजी म्हणाला, "घशाची गोळी चालू हाय."

"आणखी?"

"आनखी कायबी नाय. ह्ये कार्ड हाय बगा."

"कॅल्शियम? व्हिटॅमिनची गोळी? नीट आठवून सांगा, आजोबा."

"ती ताकदीची. औषध नाय चालू दुसरं."

"म्हणजे घेतात की नाही?"

रामजीने राजश्रीकडे पाहिलं. राजश्री म्हणाली, "घेतात ना. रोज घेतात. आहेत त्यांच्याकडे."

डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. गोळ्या चालू असतील तर हे एवढं होणार नाही, मग दुसरंच काही असेल, असं काहीतरी ती नर्सला म्हणाली. सोनाबाईला बोलता येत नव्हतं. तिचा जबडा आवळला होता. आणि मला तर जन्मापासूनच बोलता येत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत होतो. खरं काय ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि सांगायला दोघांनाही तोंड नव्हतं. मित्रांनो, त्या वेळी माझ्या पितळेला घाम फुटला होता. पावसाचं पाणी म्हणा हवं तर.

नर्सला सुई लावायला हात मोकळा हवा होता. "हे काय आहे हातात? काढा आधी." तिने मला ओढलं. बोटं सुटेनात. मग डॉक्टरने स्वतः एका हाताने सोनाबाईचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने मला हळूहळू फिरवत कडी बोटांतून सोडवायला लागली. कडी निघाली, पण झाकण मघाच चेपून सैल झालं होतं. ते निसटून खाली पडलं आणि माझं सगळं पोट खाटेवर सांडलं. घशाच्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं. काताच्या कप्प्यातली, लवंगेच्या कप्प्यातली, एकही गोळी नसलेली. आणि टोपण उडालेल्या डबीतून त्यांच्यावर सांडलेला ताजा, ओला, पांढरा चुना.

डॉक्टरने बोटावर चुना घेतला. पाकीट उलटं करून नाव वाचलं. मग तिने सोनाबाईकडे पाहिलं आणि विचारलं, "गोळ्या संपल्या म्हणून चुना खात होतात?"

सोनाबाईने डोळे मिटले आणि मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं.

"कॅल्शियमचं इंजेक्शन भरा," डॉक्टर म्हणाली. "हळू द्यायचंय, एकदम नाही. मी इथेच उभी आहे."

सुई शिरेत गेली. रामजी भिंतीला टेकला होता. मी खाटेच्या कडेला उघडाबोडका पडून तिचा हात पाहत होतो. आधी अंगठा सुटला. मग करंगळी. मग एक एक करत बाकीची बोटं उमलली आणि तळवा वर आला. त्यावर माझ्या कडीचा लाल वळ उठला होता. सोनाबाईने एक लांब श्वास घेतला, आवाज न होता. राजश्री तिथेच जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली.

जरा वेळाने बोलता आलं तेव्हा सोनाबाईचा पहिला शब्द होता, "वाटल्या मी. समद्यांना वाटल्या." राजश्री रागावली नाही. ती म्हणाली, "मी डबा उघडून बघायला हवा होता, आत्या." रामजी मात्र पुन्हापुन्हा डॉक्टरला विचारत होता, "पर ताकदीची व्हती ना वो ती? सरकार देत नाय ती." डॉक्टरने त्याच्याजवळ बसून ग्रंथींचं सगळं समजावलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचं तोंड उतरत गेलं.

घरी निघायच्या दिवशी राजश्री योजनेच्या खिडकीपाशी गेली. मी तिच्या काखेत होतो. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "खाट, सुई, सलाईन सगळं योजनेत बसलं, ताई. काळजी करू नका."

"आणि पुढच्या गोळ्या?"

"त्या बाहेरून. व्हिटॅमिनं बसत नाहीत."

"म्हणजे आत्या मरायला टेकल्या की बसतं, आणि मरू नयेत म्हणून जी गोळी हवी ती बसत नाही?"

त्याने माझ्याकडे, माझ्या पोच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नियम मी नाही केला, ताई." त्याचंही खरं होतं. राजश्री समोरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि माझे दोन्ही कप्पे भरून घेतले. नियम अजून तोच आहे, मित्रांनो. या गोळ्या अजून बाहेरूनच येतात. भरत गणपतीला आला तेव्हा त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आये, संपल्या तर संपल्या सांग. परत मागायला लाजू नको." दर शनिवारी राजश्री मला कानाशी धरून हलवते. वाजलो की ती पोलादपूरला जाते.

कालचीच गोष्ट सांगतो. मैना शेतावरून आली आणि पडवीत बसली. सोनाबाईची गोळी घ्यायची वेळ झाली होती. तिने मला उघडलं आणि जुन्या सवयीने तिचा हात पुढे झाला. अर्ध्या वाटेत थांबला. तिच्या तळव्यावर कडीचा वळ आता पुसट दिसतो.

"मैना," ती म्हणाली, "च्या करते तुला. पर ह्यातलं नाय देत गो."

एवढ्या आयुष्यात माणसाच्या समोर मी न देता मिटलो नव्हतो. सोनाबाईला मान वर करवेना. मलाही कसंसंच झालं. ती झाकण लावायला लागली, पण पोच्यामुळे ते एका बाजूने उघडंच राहत होतं. मैना उठली. तिने सोनाबाईच्या हातावर आपला हात ठेवला आणि पोच्याच्या बाजूने झाकण दाबून बसवलं.

"मिट, काकी," ती म्हणाली. "नीट मिट."

तर मित्रांनो, माझ्यासारखा एखादा डबा तुमच्याही घरात असेल. प्लॅस्टिकचा असेल नाहीतर बिस्किटाचा. त्यात आजीची एखादी गोळी असेल, जिला घरात सगळे नुसती ताकदीची म्हणत असतील. ती कार्डावर मिळते की नाही, यावरून तिची किंमत ठरवू नका. ती कशासाठी आहे ते डॉक्टरला विचारा. आणि अधूनमधून तो डबा कानाशी धरून हलवून बघा. वाजला तर आजीने मागायची वाट पाहू नका. ती मागणार नाही.